दोनशे म्हणून लिहिलेले चाळीस

करुणा,

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि परवापर्यंत लोक मला सांत्वनाचे मेल पाठवून राहिले होते. मला! फिनलंडहून एक, ब्राझीलहून दोन, पुण्या-बंगळुरूचे तर मी मोजलेच नाहीत. तुम्ही दोघींनी मिळून हे उभं केलं, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो, कणगी आता तुमच्या हातात सुरक्षित आहे. हे शेवटचं वाक्य वाचलं, लॅपटॉप धाडकन मिटवला आणि न्हाणीत जाऊन बसले. सुरक्षित हात म्हणे! या हातांनी काय केलं ते तुलाच माहीत नव्हतं, त्या बिचाऱ्यांना तेव्हा कुठून माहीत असणार?

म्हणून तुला सांगायला बसले आहे. तू असतीस तर मध्येच म्हणाली असतीस, "निते, पाल्हाळ नको लावू, मुद्द्याचं बोल." मुद्द्याचंच बोलते. पण मला मुद्द्यापर्यंत पोचायला आधीपासून वेळ लागतो, हे हॉस्टेलच्या त्या एका खोलीत तीन वर्षं काढल्यावर तुला सांगायला नको.

पॉलिटेक्निक संपलं, मी अमरावतीतच शिकवायला लागले आणि तू अकोल्याला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत संगणकावर बसलीस. त्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि तीन आठवड्यांच्या उगवणीच्या नोंदी असलेली फाइल उघडेना. साहेबांनी तुला चारचौघांत झापलं. तू मला फोन केलास. मला वाटलं रडशील. तू भडकली होतीस. "लाइट जाणं हा काय अपघात हाये का वं? आपल्याकडे ते रोजचं हाये. मंग हे फाइल सांभाळणारे लोक काहून असं लिहून ठेवतात जशी लाइट कधी जाणारच नाई?" मी म्हटलं, "मंग तू लिही." मी चिडवायला म्हटलं होतं, पण तू लिहायलाच बसलीस, आणि मलाही त्यात ओढलंस.

तुझ्या आईला तू हे काम समजावून सांगितलंस तेव्हा मी तिथंच बसून शेंगा फोडत होते. "माय, डिस्क म्हणजे नुसती खोली. कोणता दाणा कुठी ठेवला, मांगितला की कुठून काढून द्यायचा, हे ज्याले समजते ते फाइल सिस्टीम." आई म्हणाल्या, "म्हणजे कणगी." झालं, नाव ठरलं. मग आईंनी विचारलं की एवढी मेहनत करून फुकट कायले वाटतं, अन् सगळं उघडं कायले ठेवतं. तू म्हणालीस, "उघडं ठेवलं तरच लोक आतले उंदीर दाखवतात, माय." आई कितीतरी वेळ हसत होत्या. पुढे कणगी वापरायला लागलेला तो फिनलंडवाला तिचा उच्चार कांगी करायचा आणि तू त्याला प्रत्येक मेलमध्ये दुरुस्त करायचीस.

आणि मग तो आपला नियम. तूच घातलेला. जिनं कणगीत बदल लिहिला तिनं तो तपासायचा नाही. दुसरीनं आपल्या घरच्या जुन्या डबड्यावर तो बदल चढवायचा, डिस्कवर धडाधड लिहिणं चालू ठेवायचं आणि भिंतीवरच्या बोर्डातून प्लग ओढायचा. सरळ हातानं. मग परत लावायचा, यंत्र चालू व्हायची वाट पाहायची, एकूणएक फाइल शाबूत आहे का पाहायचं, आणि परत ओढायचा. दोनशे वेळा. एका बदलाला अडीच-तीन दिवस जायचे. बदलाखाली कायमची नोंद राहायची. लिहिलं: करुणा. ओढला: नीता, दोनशे. त्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही. आजही कुणीही जाऊन वाचू शकतं.

मला या नियमाचा भयंकर वैताग यायचा. मी सत्तर ओळींची स्क्रिप्ट लिहिली, जी यंत्राच्या आतल्या आत वीज गेल्याचं सोंग करायची, दोनशे वेळा, अर्ध्या तासात. केवढ्या हौसेनं तुला दाखवली होती! तू पाहिलीस आणि म्हणालीस, "लाइट स्क्रिप्टीनं जाते का वं निते? सोंगाले सोंगच सापडते." आपण त्यावर किती भांडलो. मी तुला हट्टी म्हटलं, म्हातारी म्हटलं, तू मला आळशी म्हटलंस. दोन महिने आपण फक्त कामापुरतं बोललो. माझं अजूनही म्हणणं आहे की दोन्ही पाहिजे होतं, स्क्रिप्टही आणि हातही. पण आता मी कोणाशी भांडू?

तुझा हात मोडला होता तेव्हाची गोष्ट आठवते. डाव्या हाताला प्लास्टर, आणि बदल माझा होता. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात पाहू. तू एका हातानं ओढत राहिलीस. तुझा मेल आला: दोनशे एक. एकशे नव्व्याण्णवव्या वेळी माझ्याकडून चहा सांडला अन् लक्ष नव्हतं, म्हणून तो धरला नाही. हा मेल मी वर्गात वाचून दाखवला होता, कामाची निष्ठा काय असते म्हणून. मोठ्या आवाजात वाचला होता.

तर मागच्या मे महिन्यातलं सांगते.

तू बदल पाठवलास. फोल्डरचं नाव बदलणं आधीपेक्षा झटपट व्हावं म्हणून केलेला. अमरावतीत ऊन मी म्हणत होतं. घरात पाहुणे, कूलरचं पाणी सकाळ-संध्याकाळ भरा, पापडाचं पीठ कुटून ठेवलेलं, आणि माझ्या डोक्यात आपल्या त्या भांडणाचा राग अजून धुमसत होता. पहिल्या दिवशी मी पंचवीस वेळा ओढला. दुसऱ्या दिवशी पंधरा. सगळ्या फाइली शाबूत. मला वाटलं, चाळीसमध्ये काही निघालं नाही ते दोनशेमध्ये काय निघणार? करुणाचा हात आहे, तिचं कधी चुकतं का? मी मेल लिहिला: दोनशे वेळा ओढला, सगळं शाबूत. आणि पापड लाटायला गेले.

आणखी एक सांगून टाकते, आता काय लपवायचं. ती पहिली वेळ नव्हती. त्याआधी दोन बारक्या बदलांच्या वेळीही मी शंभराच्या आसपास थांबले होते आणि दोनशे लिहिलं होतं. तेव्हा काही झालं नाही. माणूस अशानंच सोकावतो.

दीड महिन्यानं तुला पातूरहून फोन आला, फोटो स्टुडिओवाल्या रहीमभाईंचा. त्यांच्या दुकानात कणगी तूच स्वतः जाऊन बसवून दिली होतीस. त्यांचं एक अख्खं फोल्डर गायब झालं होतं. एका लग्नाचे फोटो, आणि त्या लग्नात नवरीचे आजोबा होते, ते पंधरवड्यानं वारले. घरच्यांकडे त्यांचा दुसरा धड फोटो नव्हता. तू तशीच एसटीत बसून पातूरला गेलीस, दोन दिवस त्यांच्या दुकानात मान मोडून बसलीस आणि डिस्कच्या कानाकोपऱ्यातून काही फोटो खरडून काढलेस. आजोबांचा एकही निघाला नाही. लाइट गेली होती का, असं तू विचारलंस, तर ते म्हणाले, "लाइट तो रोज जाती है बहन, किस दिन का बोलूँ?" फोल्डर कधी गायब झालं हे त्यांना सांगता येत नव्हतं. तू त्यांच्यापुढे हात जोडलेस. ते म्हणाले, "जाने दो, आपने जानबूझ के थोड़ी किया." हे सगळं तूच मला सांगितलंस. मी ऐकून घेतलं.

मग कणगी वापरणाऱ्या सगळ्यांच्या सामायिक मेलवर ते उघड झालं आणि लोक तुटून पडले. हौशी लोकांच्या हातात डेटा देऊ नये, एकानं लिहिलं. गावठी, दुसऱ्यानं लिहिलं. तू प्रत्येकाला उत्तर दिलंस, प्रत्येकाची माफी मागितलीस. माझ्या नावाला कुणी बोट लावलं नाही, कारण माझ्या नावापुढे दोनशे होते.

पुढच्या रविवारी तू अमरावतीला आलीस. आपण गाड्यावर उभं राहून गिला वडा खाल्ला. तुझ्या द्रोणातलं दही तसंच राहिलं होतं. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "निते, दोनशे ओढले होते ना वं?"

करुणा, मला चिडायला तरी कारण हवं होतं. तू संशयानं विचारलं असतंस तर मी भांडले असते, आणि भांडताना माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं, हे तुला माहीत आहे. पण तू संशयानं विचारलंच नव्हतंस. तुला फक्त खात्री करून घ्यायची होती, म्हणजे तेवढा भाग सोडून पुढे शोधता येईल.

"हो वं," मी म्हटलं. "दोनशे."

"मंग तिथं नाई," तू म्हणालीस. "मंग दुसरीकडंच कुठी तरी हाये."

आणि तू दुसरीकडे शोधायला लागलीस. चार महिने! आधी केबल, मग डिस्कचं आतलं काम, मग मेमरी. मग वर्षापूर्वी लिहिलेला, धडधाकट चालणारा भाग तू उकलून ओळ न् ओळ वाचलास, तीनदा. जिथं चूक होती तो नाव बदलण्याचा भाग तू उघडलाच नाहीस, कारण तो दोनशे झटके खाऊन आला होता. मी तुला आंधळी कोशिंबीर खेळायला लावली, आणि पट्टीही मीच बांधली होती.

तू दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचीस. पहिल्यांदा "सापडून नाई राह्यलं" म्हणायचीस. नंतर "माह्यी नजर गेली बहुतेक" म्हणायला लागलीस. दिवाळीच्या सुमारास म्हणालीस, "डोकंच चालून नाई राह्यलं निते. वाचते अन् विसरते. माह्या बापाचं असंच झालं होतं शेवटी." मी म्हटलं, "काही नाही वं, थकली तू, आराम कर." आराम कर! फोन ठेवल्यावर मी दर वेळी ठरवायची, उद्या सांगायचं. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, खोटं बोलले हे आणि काल सांगितलं नाही हे. चार महिन्यांत तो ढीग एवढा झाला की मला तुझाच राग यायला लागला. वाटायचं, ही एवढी हुशार, हिला मी कळत कशी नाही? माझं खोटं तू पकडावंस म्हणून मी तुझ्यावर चिडत होते. आहे की नाही निर्लज्जपणा?

मग तुझा तो मेल, सगळ्यांना पाठवलेला. माझा माझ्या नजरेवर भरवसा राहिला नाही, यापुढे कणगी नीता सांभाळेल, तिच्या हाताखालून गेलेली गोष्ट पक्की असते. मला शंभरेक लोकांचे अभिनंदनाचे निरोप आले. मी आभार मानले, एकेकाचे, नाव घेऊन.

दोन महिन्यांनी एका सकाळी तुझं हृदय बंद पडलं. दूध तापवत होतीस म्हणे. आईला वाटलं, चक्कर आली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बडनेऱ्याहून गाडी पकडून आले. वंदना झाली, मग तुझ्या भावानं माझ्या हातात माइक दिला. मी बोलले. चांगलं बोलले, लोक रडले. प्लास्टरचा किस्सा सांगितला, कणगीचा सांगितला. खरं सांगायला ती जागा होती आणि सगळे तिथंच होते. रहीमभाईसुद्धा पातूरहून आले होते, मागच्या रांगेत टोपी हातात धरून बसले होते. मी माइक परत दिला आणि पुऱ्या-आलूची भाजी खाऊन गाडीला लागले. एकदा मेलमध्ये, एकदा गाड्यावर, आणि त्या दिवशी मी तुला तिसऱ्यांदा फसवलं.

घरी येऊन तोच बदल त्याच डबड्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि बोर्डापाशी पाट टाकून बसले. रजा टाकली होती. पहिल्या दिवशी सत्तर झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवायच्या आधी, एकशे सतराव्या वेळी यंत्र चालू झालं आणि फोल्डर गायब होतं. रहीमभाईंच्या फोल्डरसारखंच. मी नाव बदलण्याचा तो भाग उघडला.

चूक दोन ओळींची होती, करुणा. नाव बदलताना नवं नाव डिस्कवर पक्कं बसायच्या आधीच जुनं पुसलं जात होतं. त्या दोन क्षणांच्या मधोमध लाइट गेली की फोल्डरला ना जुनं नाव ना नवं. आधी नवं लिही मग जुनं पूस, हे तर तूच मला शिकवलं होतंस. घाईत तुझ्याकडून दोन ओळी खालीवर झाल्या. कोणाच्याही होतात. त्या पकडायलाच तर मी होते. तो भाग तू एकदा उघडला असतास तर चहा थंड व्हायच्या आत तुला दिसलं असतं.

परवा मी सामायिक मेलवर सगळं लिहिलं. चाळीस, दोनशे, आधीचे दोन बदल, गिला वड्याचा गाडा, सगळं. कणगी आता दुसऱ्या कुणी सांभाळावी, मी ते काम सोडते आहे, हेही लिहिलं. फिनलंडवाल्यानं एका ओळीचं उत्तर दिलं, की हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं. बाकी कुणी अजून बोललं नाही. रहीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, "बहन तो हर जुम्मे को फोन करके माफी माँगती थी." आणि त्यांनी फोन ठेवला.

काल सकाळी मी अकोल्याला आले, तुझ्या आईकडे. यायचं धाडस नव्हतं, पण न यायचंही उरलं नव्हतं. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये बाई, बस. पाणी घे." मी पाणी न घेता उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. प्लग, दोनशे, चाळीस. मला वाटलं त्यांना कळणार नाही. सगळं कळलं. सूप त्यांनी खाली ठेवलं.

"म्हणजे तिचं डोकं गेलं नोतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"बाई, ते रोज मले म्हणे, माय, मी बाबासारखी होऊन राह्यली. रातचं दार लावलं का नाई, ते तीन-तीनदा उठून पाहे. मले म्हणे, मी तुले वळखली नाई तर रागावू नोको. चार महिने मी माह्या लेकीच्या तोंडाकडे पाहत होती, आता विसरते का मंग विसरते." त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "अन् तुले माहीत होतं."

"हो."

"एक फोन होता वं, नीता."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "मले कायले पाया पडतं? मले नोको सांगू. तिले सांग." त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे हात केला. नव्या फ्रेममधला, प्रयोगशाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, थोडा अस्पष्ट. "मोठ्यानं सांग. मले बी ऐकू दे."

मी फोटोपुढे उभी राहिले. वर्गात साठ जणांसमोर बोलते तेवढ्या आवाजात सांगितलं.

"करुणा, तुह्यं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं वं. काही झालं नोतं तुले. मी खोटं बोलली."

मागून आईचा आवाज आला, "अजून एकदा सांग."

मी अजून एकदा सांगितलं.

"अजून," आई म्हणाल्या.